एअर सस्पेन्शनची गाडी उचलून देतो म्हणाला, ८५ हजार घेतले आणि बसवल्या चार कापलेल्या दांड्या

कणकुंबीच्या अलीकडे आमची काजूची बाग आहे. जांबोटी सोडल्यावर पावसाळ्यात रस्त्याची काय गत होते, हे चोर्ल्यावरून गोव्याला जाणाऱ्यांना सांगायला नको. बागेत शिरायचा शेवटचा दीड किलोमीटर तर निव्वळ जांभा दगड आणि चिखल. त्या वाटेसाठीच मी लँड रोव्हरची जुनी डिस्कव्हरी ४ घेतली. चारी चाकांना स्प्रिंगच्या जागी हवेच्या बॅगा असलेली ही गाडी ऑफरोडचं बटण दाबलं की स्वतःच पाचेक सेंटिमीटर वर उठते. वेग वाढला की पुन्हा खाली बसते. मला मात्र ती कायम दोन इंच वर हवी होती, कारण वाटेत दोनदा बुडाला दगड लागला होता.

शहराबाहेरच्या एका गॅरेजवाल्याने बोलणंच असं केलं की मी तिथंच विरघळलो. "सायेब, बॅगवर स्पेसर घालतो, पुढच्या दोन बॅगा नव्या टाकतो, अलाइनमेंट, कॅलिब्रेशन सगळं करून देतो. टेन्शन घेऊ नका, घाटात कशी पळतीय बघा की." स्पेसर म्हणजे उंची वाढवायला मध्ये घालायची जाड चकती, आणि कॅलिब्रेशन म्हणजे नवी उंची गाडीच्या कंप्युटरला नीट शिकवणं. ८५,००० रुपये ठरले. बिल मिळालं साध्या वहीच्या कागदावर. मी मागितलंही नाही दुसरं, आणि हीच माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे काढलेले जुने भाग मागून घेतले नाहीत.

पहिले पंधरा दिवस मी खूश होतो, हे कबूल केलंच पाहिजे. ओढ्यातले दगड बुडाला लागले नाहीत, चिखलात गाडी अडकली नाही, मोठे टायर बसायला जागा झाली. उचललेल्या गाडीचे हे फायदे खरेच आहेत. पण आधी आई दारापाशी अडली. पूर्वी बटण दाबलं की गाडी तिच्यासाठी खाली बसायची, आता खाली बसूनही पायरी उंचच. मग खड्ड्यातून चाक निघताना समोरून धाड असा आवाज यायला लागला. वळणावर गाडी झुकायला लागली. दोन महिन्यांत पुढचे टायर एकाच कडेने तासल्यासारखे झिजले. आणि एका रात्री जांबोटीजवळ डॅशवर सस्पेन्शनचा दिवा लागला, सूं करत हवा गेली आणि गाडी म्हशीसारखी बसली. आई सोबत होती, बाहेर पाऊस, फोनला रेंज नाही. ती रात्र मी विसरणार नाही.

टो करून गाडी बेळगावच्या उद्यमबागला मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेली. रॅम्पवर चढवल्यावर त्याने टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. स्पेसर कुठंच नव्हते. बॅगा त्याच जुन्या, घडीच्या जागी रबराला केसासारख्या चिरा, त्यात वाळलेली लाल माती. साबणाचं पाणी मारलं तर तिथंच बुडबुडे. मग त्याने चाकाजवळची बोटाएवढी दांडी दाखवली. दोन टोकांना गोळीचा जोड, मधोमध कापून परत वेल्ड केलेली, वेल्डवर काळा स्प्रे. चारी चाकांना तेच. तो म्हणाला, "अरे, हे काम आमच्या लेथवाल्या पोरानं दोनशेत करून दिलं असतं."

ही दांडी काय करते ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथंच होते. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो. या दांडीतून त्याला कळतं की बॉडी किती वर आहे. दांडीची लांबी बदलली की गाडी खाली गेलीय असं कंप्युटरला वाटतं, आणि तो बॅगेत जास्त हवा भरतो. म्हणजे भाग घालून उचललं काहीच नाही, फक्त कंप्युटरला खोटं सांगितलं. वर ऑफरोडचं बटण दाबलं की बॅग जवळजवळ टोकाला जाते, चाकाला खाली सुटायला जागाच उरत नाही. धाड आवाज त्याचाच. ॲक्सलचे जोड तिरके होतात, त्यांची रबरी बुटं फाटतात. जुन्या बॅगेची नवी घडी चिरते, हवा गळते आणि कंप्रेसर सारखा चालून जळतो. माझाही जळला. अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन तर केलेलंच नव्हतं.

नीट केलेली लिफ्टही असते. पण गाडी देण्याआधी टेपने चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या कमानीपर्यंत चारी बाजूंनी माप घेऊन लिहून ठेवा, काम झाल्यावर तेच पुन्हा घ्या. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा कागद मागा. जीएसटीचं बिल, त्यावर पार्ट नंबर, आणि काढलेले भाग पोत्यात बांधून घरी. नवी बॅग आणि जुनी बॅग शेजारी ठेवून दाखव म्हणा. दाखवायला का कू केलं तर तिथूनच गाडी परत न्या.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि बेकायदा बदलाला मालकालाच दंड आहे. विमा कंपनीलाही क्लेम नाकारायला कारण मिळतं. त्यामुळे भांडायला गेलो तर माझीच बाजू लंगडी. तरीही १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार केलाय. कन्नड कागद शेजारच्या मुलाने लिहून दिला. सोबत वहीचं ते पान आणि रॅम्पवर काढलेले फोटो जोडलेत. चारी दांड्या डब्यात घालून ठेवल्यात, आयोगाने मागितल्या तर दाखवायला.