सुपरहिरोपटाला दिग्दर्शक कुठला: भयपटातला की व्हीएफएक्समधला?

नव्या सुपरहिरोपटाचा दिग्दर्शक ठरला की चाहते त्याच्या जुन्या चित्रपटांचं बजेट काढून भांडतात. बघायला हवं ते वेगळंच: तो कुठल्या कामातून घडलाय.

भयपटवाल्याला ताण धरता येतो. काय दाखवायचं नाही, कट किती उशिरा मारायचा, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. सॅम रेमी १९८१च्या ‘द ईव्हिल डेड’मधून पुढे येत २००२च्या ‘स्पायडर-मॅन’पर्यंत पोचला. धोका एकच: मारामारी सेकंड युनिट (मुख्य दिग्दर्शकाशिवाय शूट करणारी वेगळी तुकडी) आणि प्रीव्हिजवर (शूटिंगआधी संगणकावर बनवलेला प्रसंगाचा कच्चा आराखडा) सोडली, तर क्लायमॅक्स दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

टिम मिलर व्हीएफएक्समधून, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याच्या कामातून आला. २०१६चा ‘डेडपूल’ हा त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. अशा माणसाची नजर सेटवर पैसे वाचवते. निळ्या पडद्यासमोर नट काठीवरच्या टेनिस बॉलकडे राक्षस समजून बघतो. नजर जराशी वर गेली, की पुढे कितीही रंगकाम करा, शॉट खोटाच दिसतो; ही चूक तो सेटवरच पकडतो. पण दोन माणसं टेबलाशी नुसती बोलतायत, असा प्रसंग अशा दिग्दर्शकाला पेलेल का, हे आधीच्या कामावरून कळत नाही.

माझं मत भयपटवाल्याला. व्हीएफएक्स सुपरवायझर सोबतीला देता येतो, ताणाची जाण उसनी मिळत नाही. फक्त प्रीव्हिजच्या बैठकीला त्याने पहिल्या दिवसापासून स्वतः बसावं.