खाऱ्या हवेतलं बुटीक हॉटेल: काही महिन्यांच्या मुक्कामांनंतर

कामानिमित्त गेले काही महिने समुद्रकाठच्या एकाच बुटीक हॉटेलात वरचेवर उतरतोय. भारतीय पद्धतीची सजावट हे त्यांचं मुख्य आकर्षण. पहिल्या मुक्कामात सगळंच देखणं वाटतं. खाऱ्या हवेत काय टिकतं ते ऋतू पालटल्यावर कळतं.

सगळ्यात आवडली ती जमीन. जुन्या भागातल्या खोल्यांत अत्तंगुडी टाइल्स आहेत. तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागात काचेवर रंगीत सिमेंट ओतून त्या हाताने बनवतात. भट्टीत भाजत नाहीत, पाण्यात मुरवतात. त्यामुळे एक फूल दुसऱ्यासारखं हुबेहूब नसतं, आणि पायाखाली येऊन येऊन टाइल उलट तुकतुकीत होते. दारापासून पलंगापर्यंतचा पट्टा आता कोपऱ्यांपेक्षा जास्त चमकतो. बाहेरून तापून यावं आणि त्यावर अनवाणी चालावं, माझ्या लेखी खरी चैन ही! भिंतींना चुन्याचा गिलावा आहे. तो ओल कोंडून ठेवत नाही, म्हणून दमट महिन्यांतही खोलीला कुबट वास आला नाही. व्हरांड्यातली दगडी जाळीसुद्धा नुसती शोभेची नाही. ऊन अडवते, वारा आत घेते. संध्याकाळी एसी लावायची गरजच पडत नाही.

पितळेचं मात्र दुखणं आहे. समुद्राच्या हवेतले क्षार पितळेला पटकन काळवंडून टाकतात, मग हिरवट डाग धरतात. स्वागतकक्षातल्या समया रोज घासतात, त्या लखलखीत. खोल्यांतल्या कड्या आणि नळांना कुणी हात लावत नाही. बाथरूमच्या बिजागरीचा पितळी मुलामा उडून आतलं लोखंड गंजलंय. दार करकरतं, तक्रार केली, पुढच्या वेळीही तसंच. तिथे मुकाट्याने ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील लावावं. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ते क्षारांपुढे सहज हार मानत नाही. जुन्या वाड्यांतल्या वस्तू दिसायला सुंदर होत्याच, पण आधी कामाच्या होत्या. सजावट करणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

चादरी दाबू छपाईच्या (चिखलाचा लेप लावून नक्षी राखतात ती), सुती. धुऊन धुऊन निळा रंग मऊ झालाय, छान दिसतो. उशांच्या अभ्र्यांवरचं जरीकाम गालाला टोचतं, त्या उशा मी बाजूला काढून ठेवतो. रंगीत काचेच्या दिव्यांत वाचता येत नाही. मागितलं की टेबललॅम्प देतात. नाश्ता चांगला, कर्मचारी अगत्याचे.

नवा मजला टाळा. भाडं जास्त, आणि जिप्समच्या खोट्या छतावर रंगवलेल्या कमळांच्या कडेने बुरशी चढलीय. वरून पुन्हा रंग मारला होता, महिन्याभरात ती परत आली. बुकिंग करताना जुन्या भागातली, व्हरांड्याला जाळी असलेली खोली मागून घ्या. समुद्र थोडा तिरका दिसतो, तेवढं चालवून घ्या.