टीएलएस जोडणीचा वेग मोजणारी ‘एस_टाइम’ आज्ञा: काही महिन्यांच्या वापरानंतर

टीएलएस म्हणजे नेटवर्कवरील संवाद सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याची पद्धत. तिच्यासाठीच्या ओपनएसएसएल या साधनसंचातील ‘एस_टाइम’ ही आज्ञा मी गेले काही महिने अंतर्गत सर्व्हरच्या चाचणीसाठी नियमितपणे वापरत आहे. ‘-कनेक्ट’पुढे सर्व्हरचे नाव व पोर्ट दिले की ठरलेल्या मुदतीत, म्हणजे ‘-टाइम’ने बदलली नसल्यास ३० सेकंदांत, ती एकामागून एक जितक्या होतील तितक्या जोडण्या करते. ‘-न्यू’ दिल्यास दर वेळी पूर्ण हँडशेक (जोडणीच्या सुरुवातीची ओळख आणि किल्ल्या ठरवण्याची देवाणघेवाण) होतो, ‘-रीयूज’ दिल्यास आधीचेच सेशन (मागच्या जोडणीत ठरलेली गुप्त माहिती) वापरण्याचा प्रयत्न होतो आणि दोन्ही वगळल्यास दोन्ही चाचण्या ओळीने होतात.

निकाल मात्र जपून वाचावा लागतो. पहिल्या ओळीतील ‘कनेक्शन्स/युझर सेकंद’ हा आकडा आधी नजरेत भरतो. परंतु त्यातील सेकंद घड्याळाचे नसून चाचणी करणाऱ्या यंत्राच्या प्रोसेसरने या प्रोग्रामसाठी खर्च केलेले असतात. उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नसल्यामुळे सर्व्हर रेंगाळत असतानाही हा आकडा मोठा दिसू शकतो. सर्व्हरविषयी निष्कर्ष काढायचा असेल, तर त्याखालची ‘रियल सेकंद’ असलेली ओळच धरावी, असे माझे ठाम मत आहे. तो वेळ पूर्ण सेकंदांतच मिळतो, म्हणून चाचणीची मुदत फार कमी ठेवू नये.

‘-रीयूज’बाबत अधिक सावध राहावे. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ मध्ये सेशनचे तिकीट, म्हणजे ते पुन्हा वापरण्यासाठी सर्व्हरकडून मिळणारी खूण, हँडशेक पूर्ण झाल्यानंतर येते आणि ‘-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ने एखादे पान मागितले नाही, तर ही आज्ञा हँडशेकनंतर काहीच वाचत नाही. त्यामुळे आकड्यांची तुलना करण्यापूर्वी पडद्यावर पुनर्वापराचे ‘आर’ अक्षर उमटते की नव्या जोडणीची चांदणी (*), हे मी नेहमी पाहतो. सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र तपासणारी ‘-व्हेरिफाय’ चूक सापडूनही पुढे चालू राहते; प्रमाणपत्राच्या खात्रीसाठी तिच्यावर विसंबू नये.

आरएसए २०४८ ऐवजी ईसीडीएसए पी-२५६ (दोन्ही डिजिटल स्वाक्षरीच्या पद्धती) प्रमाणपत्र बसवताना ही आज्ञा मला सर्वाधिक उपयोगी पडली. स्वाक्षरी करण्याचा सर्व्हरवरील भार त्यामुळे बराच उतरतो, पण एकाच प्रक्रियेतून क्रमाने होणाऱ्या जोडण्यांत तो फरक नेटवर्कवरून निरोपांच्या ये-जा करण्यात जाणाऱ्या वेळेखाली झाकला जातो. त्याच स्थानिक जाळ्यातील यंत्रांवरून या आज्ञेच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवल्या आणि सर्व्हरच्या प्रोसेसरवर ताण आला, तेव्हाच तो स्पष्ट दिसला.