लॅमिंग्टन रोड, ओएलएक्स आणि पीएस५च्या जुन्या डिस्क: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) घेताना डिस्कवालाच घ्यायचा, यावर मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंही ठाम होतो. २०२१च्या फेब्रुवारीत पीएस५ भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० आणि डिजिटलची, म्हणजे डिस्क न घेणाऱ्याची, ३९,९९० होती. हे दहा हजार वाचवावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. पण सोनीचा मोठा गेम नवा तेव्हा ४,९९९ला पडायचा, आणि डिजिटल घेतला तर खेळून झाल्यावर तो कुणाला विकताही येत नाही.

आमचा हिशोब असा. ‘स्पायडर-मॅन २’ सील पॅक घेतला, दोघांनी आळीपाळीने संपवला आणि लगेच ३,४००ला विकला. म्हणजे खेळायचा खर्च सोळाशे, तोही दोघांत. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ जुनाच २,२००ला घेतला, निवांत खेळला, १,९००ला गेला. जुन्या डिस्कचा भाव एकदा खाली आला की मग फारसा हलत नाही, म्हणून सावकाश खेळणाऱ्याने जुनीच घ्यावी. फुटबॉलचं मात्र वेगळं आहे. सप्टेंबरच्या सुमारास नवा ‘एफसी’ आला की आधीच्या वर्षीच्या डिस्कला दुकानदार हातही लावत नाही. तो जून-जुलैतच विकून टाका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, आणि रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. आम्ही ज्या गाळ्यात जातो तिथले काका डिस्क कडेने धरतात, ट्यूबलाइटखाली तिरकी करतात, मग नखाने मधली रिंग चाचपतात. तिथे तडा असला तर परत. वरवरच्या बारीक रेघांना ते घाबरत नाहीत, कारण ब्लू-रेवर कडक थर असतो आणि जुन्या डीव्हीडीसारखी ती लगेच खराब होत नाही. मग ठरलेला प्रश्न: “ताई, कॅश की एक्स्चेंज?” कॅशचा भाव कमी, बदल्यात दुसरा गेम घेतला तर दोन-तीनशे जास्त. पंधराशेला घेतलेली डिस्क ते बावीसशेला विकतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. नव्या गेमवर दुकानाला फार थोडं सुटतं, गाळ्याचं भाडं निघतं ते जुन्यावर. अमेरिकेत गेमस्टॉपसारखी मोठी साखळी वर्षानुवर्षं याच धंद्यावर उभी होती.

एक अनुभव मात्र वाईट. उपनगरातल्या एका दुकानात ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ स्वस्तात मिळाला. डिस्क अमेरिकेची होती. “सगळं चालतं,” असं दुकानदाराने दोनदा सांगितलं. गेम चाललाही, कारण पीएस५च्या डिस्कला देशाचं बंधन नाही. पण ‘बर्निंग शोअर्स’ हा त्याच गेमला जोडायचा, वेगळा विकत मिळणारा पुढचा भाग आपल्या भारतीय अकाउंटवरून विकत घेतला तर तो त्या डिस्कला जोडलाच जाईना. त्यासाठी डिस्क आणि अकाउंट एकाच रीजनचं लागतं. दुकानदार हे जाणून होता, तरी पैसे परत द्यायला तयार नव्हता. तेव्हा बॉक्सवरचं वयाचं रेटिंग बघा: ईएसआरबी दिसलं तर माल अमेरिकेचा, आपल्याकडच्या डिस्कवर बहुतेक वेळा पेगी असतं. आत गेममधल्या जादा गोष्टींसाठीच्या कोडचा कागद असेल तर तो वापरलेलाच समजून भाव करा.

ओएलएक्सवर दुकानापेक्षा भाव चांगला मिळतो, पण डोकेदुखीही तेवढीच. “लास्ट किती?” एवढंच विचारून गायब होणारे खूप. मी घरचा पत्ता कुणालाच देत नाही. दादरला तिकीट खिडकीजवळ, दिवसाउजेडी, भावाला सोबत घेऊनच भेटते. आधी यूपीआयचे पैसे माझ्या खात्यात दिसले पाहिजेत, मग डिस्क. समोरच्याचा स्क्रीनशॉट धरत नाही.

मला काळजी वाटते ती पुढची. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलवर जुन्या डिस्कना अटी घालायचं ठरवलं होतं. लोक एवढे भडकले की त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. तेव्हा सोनीने एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेम देतो, एवढाच छोटा व्हिडिओ काढून टाळ्या मिळवल्या होत्या. त्याच सोनीचा पीएस५ प्रो २०२४मध्ये डिस्क ड्राइव्हशिवाय आला. ‘अ‍ॅलन वेक २’ची डिस्क निघायला वर्ष लागलं, तोवर डिजिटलशिवाय इलाज नव्हता. महिन्याच्या पगारातून खेळणाऱ्या माझ्यासारख्या लोकांना जुन्या डिस्कचा बाजार हवाच आहे. तो बंद पडला तर वर्षाला एखाददुसराच नवा गेम परवडेल.

आता घेणार असाल तर ड्राइव्हसकट घ्या. पीएस५ स्लिम या नंतर आलेल्या लहान आवृत्तीच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतरही लावता येतो, पण तो वेगळा कितीला आणि कुठे मिळेल हे पैसे देण्याआधी दुकानात विचारा. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेवढं लक्षात ठेवा.