फॉस्फो-ईआरकेसाठी कुठली अँटीबॉडी घ्यायची: पॉलिक्लोनल, माऊस मोनोक्लोनल की रॅबिट मोनोक्लोनल?

सोलापुरात लॅब चालवायची म्हणजे अँटीबॉडीचं पार्सल यायला आधीच उशीर, त्यात एप्रिल-मेचं ऊन, आणि ग्रँटमधे एकच व्हायल बसते, त्यामुळे निवड पहिल्याच फटक्यात बरोबर यायला पाहिजे.

ईआरके-१ आणि २ ही पेशीत सिग्नल पुढे नेणारी प्रोटीन्स; वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने ओळखतात तो) ती ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दिसतात. आपल्याला नुसतं प्रोटीन नाही बघायचं, थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ वर फॉस्फेट बसलाय का ते बघायचंय, म्हणजे अँटीबॉडीने तेवढासा फरक ओळखला पाहिजे.

पॉलिक्लोनलचा सिग्नल दणकट येतो कारण सशाच्या सीरममधल्या बऱ्याच अँटीबॉडीज एकत्र काम करतात. पण तो ससा गेला की तो माल पण गेला. आमच्याकडे तोच कॅटलॉग नंबर असलेली दुसरी व्हायल आली, लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) तेच, डायल्युशन तेच १:१०००, आणि ६० किलोडाल्टनच्या आसपास जाडजूड नवीन बँड! आधीच्या आकड्यांशी तुलनाच करता येईना, सगळा सेट परत केला, फार जिवावर आलं होतं. इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटीबॉडीने अर्कातून प्रोटीन ओढून काढायला) मात्र मी अजूनही पॉलिक्लोनल घेईन.

माऊस मोनोक्लोनल म्हणजे कोहलर-मिलस्टाईनची १९७५ची हायब्रिडोमा पद्धत, १९८४ला नोबेल मिळालं ती. एक क्लोन, एकच एपिटोप (अँटीबॉडी प्रोटीनवर जिथे चिकटते ती जागा), बॅकग्राउंड कमी. सेल लाईनवर काम असेल तर बिनधास्त घ्या. पण सँपल उंदराच्या टिश्यूचं असेल तर अँटी-माऊस सेकंडरी (उंदराच्या अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) टिश्यूमधलंच आयजीजी, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीज, पकडते, त्याची हेवी चेन (मोठा तुकडा) ५० ला येते, आणि आपले बँड तिच्या लगेच खाली, म्हणजे नेमक्या तिथेच सगळा चिखल.

रिकॉम्बिनंट (जीनवरून पेशींमधे बनवलेली) रॅबिट मोनोक्लोनल महाग आहे, पण अँटीबॉडीचा सिक्वेन्स हातात असल्यामुळे लॉट बदलला तरी फारसा फरक पडत नाही, आणि हिशोब केला तर तितकी महाग पडत पण नाही: १० मिलीच्या डब्यात १:१००० ला १० मायक्रोलीटर लागतात, तेच मेंब्रेनची पट्टी कापून छोट्या पिशवीत सील केली की ३ मिलीत भागतं, म्हणजे १०० मायक्रोलीटरमधे १० ऐवजी ३० पेक्षा जास्त ब्लॉट होतात.

मी तर फॉस्फोसाठी हीच घ्या म्हणेन, आणि टोटल ईआरकेसाठी माऊस मोनोक्लोनल, म्हणजे फ्लुरोसंट सेकंडरी असतील तर दोन्ही एकाच ब्लॉटवर दिसतात, स्ट्रिप करायची (पहिली अँटीबॉडी धुवून काढून दुसरी लावायची) भानगड नाही.

ब्लॉकिंगला (मेंब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला) दूध नको, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) वापरा. पेशी फोडायच्या लायसिस बफरमधे ऑर्थोव्हॅनाडेट आणि फ्लोराईड (फॉस्फेट काढणारी एन्झाइम्स थांबवणारे) घालायला विसरू नका, नाहीतर कितीही भारी अँटीबॉडी आणा, फॉस्फेट आधीच निघून गेलेला असतो.

पार्सलमधले जेल पॅक वितळलेले निघाले तर लगेच फेकू नका. रात्रभर सीरमशिवाय ठेवलेल्या पेशींना १० मिनिटं ईजीएफ (ईआरकेवर फॉस्फेट बसवायला लावणारा ग्रोथ फॅक्टर) द्या, शेजारच्या लेनच्या पेशींना आधी यू०१२६ (ते फॉस्फेट बसणं रोखणारं औषध) देऊन मग ईजीएफ. पहिल्या लेनमधे बँड ठळक आणि दुसऱ्यात गायब झाला तर ती व्हायल चांगली आहे, लॉट नंबर लिहून छोटे छोटे भाग करून उणे २० ला ठेवून द्या.