‘फ्लोरिडा रेसिडेंट’ तिकीट स्वस्तात देतो म्हणणाऱ्यापासून सावध : ११८० डॉलर गेले

माणशी २९५, चार जणांचे ११८० डॉलर. फ्लोरिडात ऑर्लँडोतल्या एका थीम पार्कची, तिथल्या रहिवाशांसाठीच्या सवलतीच्या दराची चार दिवसांची तिकिटं, एका दलालाकडून घेतलेली. गेटवर चारही बाद, आणि नवी घ्यावी लागली ती पूर्ण भावाने.

“हाव कशाला केली?” म्हणणाऱ्यांनी आधी दर बघावेत. उदाहरणादाखल डिस्ने वर्ल्ड घ्या. २०२१ मध्ये त्यांनी वार्षिक पास नव्याने आणले, तेव्हा सगळ्यात स्वस्त पास होता ३९९ डॉलरचा, पण फक्त फ्लोरिडातल्या रहिवाशांना. सरसकट कुणालाही मिळणारा पास १२९९ चा. एवढी तफावत ठेवल्यावर मधे दलाल उभे राहणारच.

स्थानिकाच्या नावावर रहिवासी दराची तिकिटं काढायची, एखादा दिवस वापरायचा आणि उरलेले दिवस पर्यटकाच्या गळ्यात मारायचे, असा हा धंदा. तिकीट बनावट नसतं, हीच मेख. नंबर ॲपमध्ये टाकला की ‘वैध’ दिसतं. रहिवासाचा पुरावा ॲप मागत नाही. फ्लोरिडाचं लायसन्स किंवा ओळखपत्र मागतात पार्कात पोचल्यावर. शिवाय पहिल्या प्रवेशाला वापरणाऱ्याचं बोट स्कॅन होऊन तिकिटाला जोडलेलं असतं. ते दुसऱ्याचं, मग तुमचं कसं जुळणार?

तिकिटाच्या प्रकारातच ‘फ्लोरिडा रेसिडेंट’ लिहिलेलं होतं. विकणाऱ्याला विचारलं, तर उत्तर : “ते किमतीपुरतं, कोणी बघत नाही.” चारऐवजी तीनच दिवस शिल्लक का? “चौथा बोनसचा, नंतर दिसतो.” बोनसचा! इथेच खटकायला हवं होतं. पण ॲपमध्ये हिरवी खूण समोर, मुलांच्या सुट्ट्या ठरलेल्या. अशा वेळी कोण कीस काढत बसतं?

विकणारा पैसे झेलनेच (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा म्हणाला, की तिथेच थांबा. बँकेचं उत्तर ठरलेलं : पैसे तुम्हीच पाठवलेत. क्रेडिट कार्डावर निदान बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते.

पार्कची खिडकी म्हणते, “आम्ही विकलेलं नाही.” पोलीस म्हणतात, विकणाऱ्याचा नंबर दुसऱ्या राज्यातला, मामला दिवाणी. दिवाणी कसला? असं दुसऱ्याला न देता येणारं, अनेक दिवसांचं तिकीट एकदा वापरून झाल्यावर विकणं हा फ्लोरिडाच्या कायद्यात, कलम ८१७.३६१ खाली, सरळ गुन्हा आहे. कलम दाखवलं तर म्हणे ऑनलाइन फॉर्म भरा. एफटीसीकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणारी अमेरिकी सरकारी संस्था) गेलं तर तक्रार नोंदवतात, पण एकेकट्याचं प्रकरण आम्ही सोडवत नाही, हेही तेच सांगतात. मग सांगायचं कुणाला?

तिथला मेव्हणा “माझ्या नावावर काढतो” म्हणाला तरी नको. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचा पुरावा लागतो. अधिकृत विक्रेत्यांची सूट किरकोळच असते, निम्म्या भावात कुणी देत नाही. आणि ऑर्लँडोजवळच्या किसिमीत हायवे १९२ वरच्या ‘स्वस्त तिकीट’वाल्यांकडे तिकीट खरं निघालं, तरी त्याबदल्यात टाइमशेअरच्या (सुट्टीच्या घराचा वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरता हक्क) विक्रीच्या बैठकीला बसवतात. तिथे सही केलीच असेल, तर फ्लोरिडात १० दिवसांच्या आत लेखी कळवून करार रद्द करता येतो. पत्र रजिस्टर पोस्टानेच पाठवा, फोनवर कुणी “झालं रद्द” म्हणालं तरी.