अठ्ठावीसच्या सायकलला मोपेडची चाकं: सगळं बसलं, स्टँड सोडून

माझ्या अठ्ठावीस इंची सायकलला चायना इंजिनाचं किट, म्हणजे इंजिन आणि ते बसवायचं सगळं सामान, लावलंय. मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा तुटले त्या दिवशी किटबरोबर आलेल्या रबराच्या चकत्या काढून उकिरड्यावर भिरकावल्या. ज्यांनी हे चायना इंजिन सायकलला बसवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. 44 दात्यांचं स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकती), ते स्पोकांना धरायला आतबाहेर रबर, नऊ बोल्ट, आणि इंजिनाचा सगळा ओढा थेट स्पोकांवर. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "स्पोक टाइट ठेवत जा." मागच्या चाकाला चाळीस स्पोक असतात हो! धारा काढायच्या की स्पोक आवळायचे? हाच माणूस इंजिन 80 सीसीचं म्हणून विकतो. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 47 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 38 मिमी. सिलिंडरचं आकारमान काढून बघा, 66 सीसीच्या पुढं जात नाही.

माझी सायकल मळ्यातच फिरते. पंचगंगेकाठच्या गोठ्यावरून वर वस्तीपर्यंत दुधाचे कॅन आणायचे, एवढंच काम. 25 सीसीच्या वरचं इंजिन लागलं की कायद्यानं ते मोटार वाहन होतं, म्हणून डांबरीवर काढत नाही.

भंगारातून टीव्हीएस एक्सएल मोपेडची चाकांची जोडी उचलली, 2.50-16 टायरची. एक्सल जाड, सायकलच्या खाचेत जाईना. कानस घेऊन बसलो. टायर रुंद आहे म्हणून मागच्या दांड्यांना घासेल अशी धास्ती होती, पण चाक लहान असल्यानं टायर पुढं चिंचोळ्या भागापर्यंत पोचतच नाही. स्प्रॉकेटसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर प्लेट करून घेतली. तिच्यावर किटचंच स्प्रॉकेट बसलं आणि प्लेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला. तेव्हापासून एकही स्पोक गेलेला नाही.

ब्रेकचं तर कौतुकच. जुने दांडीचे ब्रेक पावसात नुसते रिम पुसायचे. आता चिखलात उतारावर दोन भरलेले कॅन घेऊन ड्रम ब्रेक दाबला की गाडी जागेवर. फक्त ब्रेक प्लेटला पट्टी मारून ती फ्रेमला पक्की अडकवा. नाहीतर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि केबल गुंडाळून घेते.

पॅडल मात्र गेलं. मोपेडच्या हबवर सायकलचं फ्रीव्हील (पॅडलच्या चेनची मागची दातेरी चकती) चढत नाही, आणि चढलं असतं तरी उपयोग नव्हता. फ्रेम साडेतीन इंच खाली आली, क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, बांधाला टेकायला लागला. तो काढून पाइपाचे पायदान लावले. इंजिन ढकलून, क्लच सोडून चालू करायचं. त्यात एक फायदा निघाला. पॅडलची चेन नाही, त्यामुळं मागचं चाक खाचेत मागं ओढून इंजिनाची चेन ताणता येते. किटचा तो चेन ताणायचा टेन्शनर, जो सरकून स्पोकांत घुसतो, गेला एकदाचा.

आता दात्यांचं. इंजिनातच फेऱ्यांची 4.1 पट कपात आहे, पुढं 10 दाते, मागं 44, म्हणजे एकूण 18 पट. इंजिनाच्या मिनिटाला 5000 फेऱ्यांना अठ्ठावीसच्या चाकावर ताशी 37 किमी पडायचे. एक्सएलच्या चाकाचा घेर 1.68 मीटरच्या आसपास, तिथं तेच 28 वर येतं. सपाटीवर इंजिन नुसतं बोंबलतं. जुना वेग हवा तर मागं 33 दाते लागतात. मी मधला मार्ग म्हणून 36 चं करून घेतलं, 34 किमी मिळाले, आणि दिवाळीपर्यंत ज्याला त्याला 36 च घ्या म्हणून सांगत होतो.

ऊसतोड सुरू झाली आणि वस्तीचा चढ ट्रॅक्टरनी नांगरल्यासारखा झाला. भरल्या कॅनसह 36 वर इंजिन गुदमरायचं, क्लच तापून वास यायचा. परत 44 चढवलं, चेनला चार कड्या वाढवल्या. मळ्यात 28 च्या वर पळायचंय कुणाला? पहिल्या चाकापेक्षा ओढ तिसऱ्या हिश्श्यानं जास्त मिळते, आणि हे स्प्रॉकेट किटबरोबर फुकट आलेलं. सपाट रस्ता आणि रिकामी सायकल असेल त्यांनी 36 बघावं. 32 च्या नादाला ओझं वाहणाऱ्यानं लागूच नये.

राहिलं स्टँड. तो असतो मागच्या एक्सलला, आणि एक्सल आता जमिनीपासून जेमतेम साडेदहा इंच. लांबी जुन्या चाकाची, त्यामुळं स्टँडवर लावली की मागचं चाक चांगलंच वर आणि पुढं तोंड खुपसल्यासारखी सायकल. कॅन बांधायला गेलं की घसरून पुढं. कापला, तर पाय ओल्या मातीत रुतायला लागले. खाली पत्र्याच्या चकत्या वेल्ड केल्या. स्टँड वर केला की त्या रिमला खडखड वाजतात. एक्सएलचाच स्टँड घ्यावा तर तो फ्रेमला धरतो, आणि तसे कान आमच्या फ्रेमला नाहीत. वेल्डर नवे कान लावायला जे पैसे सांगतो त्यात भंगारातून अख्खं तिसरं चाक येईल. सध्या बाभळीचं दुबेळकं टेकून उभी करतो.

36 चं स्प्रॉकेट खुंटीला टांगलंय, दाते शाबूत आहेत. लेथची मजुरी द्या आणि घेऊन जा.